मार्गारेट डेहॉफ: प्रोटीनला एकेक अक्षर देणाऱ्या शास्त्रज्ञ

जीनोम डेटाचं बेसिक ट्रेनिंग घ्यायला गेलात, की सुरुवातीलाच काळ्या टर्मिनलवर एक फास्टा फाईल उघडावी लागते. आत काय असतं? '>' चिन्हाने सुरू होणारी नावाची ओळ आणि खाली इंग्रजी अक्षरांची लांबलचक रांग. डीएनएची फाईल असेल तर मुख्यतः ए, सी, जी, टी ही चार अक्षरं. प्रोटीनची असेल तर वीस. ही वीस अक्षरांची पद्धत आपल्याला मिळाली ती मार्गारेट डेहॉफ यांच्यामुळे.

सुरुवात पंच कार्डवर

डेहॉफ यांचा जन्म ११ मार्च १९२५ रोजी अमेरिकेत, फिलाडेल्फियाला झाला. न्यूयॉर्कला गणित शिकून १९४८ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून क्वांटम केमिस्ट्रीत पीएचडी केली. ऑफिसच्या हिशेबासाठी असलेली पंच कार्ड मशीन्स त्यांनी रेणूंच्या ऊर्जेची गणितं करायला वापरली. पुढे दोन मुली झाल्या, काही वर्षं संशोधन बाजूला राहिलं. १९६० मध्ये त्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशनमध्ये रुजू झाल्या.

तेव्हा प्रोटीनचा क्रम सलग वाचता येत नसे. त्याचे छोटे तुकडे करून वाचायचे आणि मग जुळवायचे. समजा तुमच्याकडे तीन चिठ्ठ्या आहेत: "पुण्याला निघालो", "आज मुंबईहून", "मुंबईहून पुण्याला". सारखे शब्द एकमेकांवर ठेवले की पूर्ण वाक्य मिळतं. तीन चिठ्ठ्या सोप्या. पण तुकडे वाढले की डोकं चक्रावतं. १९६२ मध्ये डेहॉफ आणि रॉबर्ट लेडली यांनी यासाठी कॉम्प्रोटीन हा प्रोग्राम तयार केला. फोरट्रानमध्ये लिहिलेला, आयबीएम ७०९० वर चालणारा. आजची जीनोम असेंब्लीची सॉफ्टवेअर्सही मुळात हेच करतात: तुकड्यांमधला सारखा भाग शोधायचा.

तीनऐवजी एक अक्षर

प्रोटीन बनतं अमिनो आम्लांपासून. प्रत्येकासाठी तेव्हा तीन अक्षरं लिहीत. पंच कार्डवर जागा मोजकी, म्हणून डेहॉफ यांनी एकेका अक्षराची पद्धत आणली. लक्षात राहावी म्हणून युक्त्याही केल्या: फेनिलॲलनिनला उच्चारावरून एफ, तर दोन कड्यांच्या मोठ्या ट्रिप्टोफॅनला रुंद डब्ल्यू. १९६५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तोवर माहीत असलेले ६५ प्रोटीनचे क्रम एका ॲटलासमध्ये छापले. १९७८ मध्ये पॅम तक्ते आले. उत्क्रांतीत कोणतं अमिनो आम्ल कशाने बदलण्याची शक्यता किती, हे त्यावरून कळतं. ब्लास्टमध्ये पॅमचा पर्याय आजही आहे.

डेटा कोणाचा?

१९८० मध्ये डेहॉफ यांच्या गटाचा डेटाबेस टेलिफोन लाईनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला उघडता येऊ लागला. इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! पण अडचण होती पैशांची. क्रम गोळा करायचे, तपासायचे, तर खर्च येणारच. तो भागवायला संस्था ॲटलास विकत असे. अनेक शास्त्रज्ञांना ते खटकत होतं: क्रम आम्ही शोधायचे आणि विकत तुमच्याकडून घ्यायचे?

अमेरिकन सरकारला राष्ट्रीय डीएनए डेटाबँक हवी होती. डेहॉफ यांनीही प्रयत्न केला, पण १९८२ मध्ये काम मिळालं लॉस अलामॉसच्या गटाला. त्यांचा भर डेटा सगळ्यांना मोकळा ठेवण्यावर होता. हीच जेनबँक. पुढच्याच वर्षी, ५ फेब्रुवारी १९८३ ला, हृदयविकाराने डेहॉफ गेल्या. वय अवघं ५७.

मोकळ्या डेटाचा आग्रह बरोबरच होता. म्हणून तर आज कॉलेजचा कुणीही विद्यार्थी फुकटात जीनोम डाउनलोड करतो. पण तपासून, नीट मांडून ठेवलेला संग्रह आधी कुणीतरी उभा करावा लागतो, आणि त्याचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. डेहॉफ यांनी उभा केलेला संग्रह वाया गेला नाही. २००२ मध्ये तो युनिप्रॉट या मोफत डेटाबेसचा भाग झाला.

करून बघा

ॲंड्रॉइडवर टर्मक्स टाका, युनिप्रॉटवरून एखादी फास्टा फाईल घ्या. ग्रेप कमांडला मोजणीचा पर्याय देऊन '>' शोधायला सांगा. फाईलमध्ये किती प्रोटीन आहेत ते लगेच कळेल. एक सांभाळा: चिन्ह अवतरणात घाला. नाहीतर शेल त्याचा अर्थ "या फाईलमध्ये लिही" असा घेईल आणि तुमची फाईल कोरी होईल.