अध्यक्ष वुड्रो विल्सन

विल्सन हें नांव ऐकतांच मुंबईकडील कित्येक वाचकांस चौपाटीवरील विल्सन कॉलेजची आठवण होईल. परंतु तें कॉलेज ज्यांच्या नांवाचें, ते डॉ. जॉन विल्सन निराळे. आम्ही येथें ज्यांचें चरित्र देत आहों, ते वुड्रो विल्सन अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचे अठ्ठाविसावे अध्यक्ष होत. परराष्ट्रांत लोकसत्ता शस्त्रबळानें स्थापितां येते किंवा नाहीं, या प्रश्नाचा विचार करणारास इतकें बोधप्रद चरित्र क्वचितच सांपडेल, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म ता. २८ डिसेंबर १८५६ रोजीं व्हर्जिनिया संस्थानांतील स्टॉंटन गांवीं झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू असतां हें कुटुंब ऑगस्टा शहरीं राहत होतें, व वडिलांच्या देवळांत जखमी शिपायांची शुश्रूषा होत असे. पुढें पराभूत दक्षिणेवर विजयी पक्षाचा लष्करी अंमल बसला, तोही या मुलानें पाहिला. सुमारें दहा वर्षांचे होईपर्यंत त्यांस नीट वाचतां येत नव्हतें, ही गोष्ट आमच्या पालकवर्गानें अवश्य ध्यानांत ठेवावी. कारण हाच मुलगा १९०२ सालीं प्रिन्स्टन विश्वविद्यालयाचा अध्यक्ष झाला. १९११ सालीं ते न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले, आणि मार्च १९१३ मध्यें राष्ट्राध्यक्ष.

त्यांनीं अधिकार हातीं घेतला त्याच सुमारास शेजारच्या मेक्सिकोंत घोर प्रकार घडला होता. लोकांनीं निवडलेले अध्यक्ष मादेरो यांस पदच्युत करून सेनापति हुएर्ता यानें सत्ता बळकाविली व मादेरो यांचा खून झाला. खुनी मनुष्याच्या सरकारास मान्यता द्यावयाची नाहीं, असा विल्सन यांनीं निश्चय केला. येथपर्यंत त्यांस दोष देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. परंतु मेक्सिकन लोकांस चांगलीं माणसें निवडण्यास आपण शिकवूं, हा विचार त्यांच्या मनांत बळावत गेला, आणि शिक्षकाच्या हातीं वेताच्या छडीऐवजीं आरमार होतें.

ता. २१ एप्रिल १९१४ रोजीं अमेरिकन सैन्य व्हेराक्रूझ बंदरांत उतरलें. हुएर्तासाठीं जहाजांतून येत असलेलीं शस्त्रें अडवावीं हा तात्कालिक हेतु होता. आपलें स्वागत होईल अशी विल्सन यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत नाविक विद्यालयाचीं कोवळीं मुलेंदेखील खिडक्यांतून बंदुका घेऊन लढलीं. मेक्सिकोचीं शेंकडों माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. आश्चर्य हें कीं, हुएर्ताचे हाडवैरी कारांझा यांनींही या स्वारीचा निषेध केला. ज्याच्या जुलुमाविरुद्ध ते लढत होते, त्याच्याशीं लढावयास परक्यानें आपल्या भूमीवर पाय ठेवावा, हें त्यांस सहन झालें नाहीं. आणि तीं शस्त्रें? तीं पुढें दुसऱ्या बंदरांत सुखरूप उतरलीं! जुलै १९१४ मध्यें हुएर्ता पळाला, तो मुख्यतः मेक्सिकन बंडखोरांच्या विजयांमुळें. नवी राज्यघटना मेक्सिकन लोकांनीं स्वतःच केरेतारो येथें फेब्रुवारी १९१७ मध्यें तयार केली.

हैती बेटाची हकीकत याहून खेदजनक आहे. तेथील अध्यक्षाचा जमावानें वध केल्यावर जुलै १९१५ मध्यें अमेरिकन शिपाई उतरले. केवळ सुव्यवस्था हाच हेतु होता असें नाहीं. कर्जवसुली व पनामा कालव्याची सुरक्षितता हींही मनांत होतीं. १९१७ सालीं नवी घटना मान्य करण्यास विधिमंडळ तयार होईना, तेव्हां तें बंदुकांच्या धाकानें बरखास्त करण्यांत आलें, आणि १९१८ सालीं लष्करी पहाऱ्यांत लोकांचा कौल घेण्यांत आला. परकीयांस जमीन विकत घेण्याची मुभा त्या घटनेंत होती. रस्ते बांधण्यासाठीं शेतकऱ्यांस वेठीस धरलें गेलें. त्यांतून बंड उद्भवलें व त्याचा पुढारी पेराल्त १९१९ सालीं मारला गेला.

कोणी म्हणेल, १९४५ नंतर जर्मनी व जपान या जिंकलेल्या देशांत लोकसत्ता रुजली ना? रुजली खरी. परंतु जपानांत १८९० पासून निवडणुका होत होत्या, आणि जर्मनींत त्याहूनही आधींपासून. तेथें जुनें रोप पुन्हां लावावयाचें होतें; हैतींत माळीच मालक होऊन बसला.

महायुद्धाच्या अखेरीस विल्सन यांचें नांव जगभर गाजलें. जानेवारी १९१८ मधील त्यांच्या चौदा कलमांनीं परतंत्र राष्ट्रांस आशा वाटूं लागली. लोकमान्य टिळक तेव्हां लंडनमध्यें होते. त्यांनींही १९१९ सालीं हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयासाठीं विल्सन यांस पत्र लिहिलें. फळ कांहीं निघालें नाहीं. दुसऱ्यांस मतदान शिकवूं पाहणाऱ्या या पुरुषाच्या जन्मप्रांतांत कृष्णवर्णीय नागरिकांस मत देणें दुरापास्त होतें, आणि त्यांच्याच कारकीर्दींत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत वर्णभेद वाढला, हेंही सांगितलें पाहिजे.

राष्ट्रसंघाची कल्पना मात्र त्यांनीं जिवापाड जपली. तिच्या प्रचारार्थ दौरा करीत असतां प्रकृति ढासळली व ऑक्टोबर १९१९ मध्यें अर्धांगाचा झटका आला. अमेरिकन सेनेटनें तह नाकारला. ता. ३ फेब्रुवारी १९२४ रोजीं वॉशिंग्टन येथें त्यांचें देहावसान झालें.

हैतीच्या शेजारीं सॅंटो डोमिंगो येथें १९१६ सालीं त्यांनीं पाठविलेलें सैन्य १९२४ सालीं परत गेलें. त्या सैन्यानें शिकवून तयार केलेल्या दळांतील त्रुहियो नामक अधिकाऱ्यानें १९३० सालीं सत्ता बळकाविली, ती १९६१ सालीं त्याचा वध होईपर्यंत सोडली नाहीं. हैतींतील शेवटचे अमेरिकन शिपाई ऑगस्ट १९३४ मध्यें जहाजावर चढले.