गामा पैलवानांचा हिशेब

आपल्या नगर जिल्ह्यात जत्रा-उरुसाला कुस्त्यांचा हगामा भरला, की मानाची कुस्ती लागेपर्यंत कुणीतरी म्हातारा गामाचं नाव काढतोच. रमजानमध्ये तरावीहनंतरच्या गप्पाही कधी कधी तिथंच पोहोचतात. मग आकडे सुरू होतात. रोज ३ हजार जोर, ५ हजार बैठका. आयुष्यात ५ हजार कुस्त्या आणि हार एकही नाही.

कारकीर्द ५० वर्षांची धरली, तरी वर्षाला १०० कुस्त्या झाल्या, म्हणजे आठवड्याला दोन. खुराक कितीही तगडा असो, मला हे पटत नाही. शिवाय थोराड रहीम बख्श सुलतानीवाला यांच्याशी त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली होती, हे आकडे सांगणारे विसरतात.

पण नोंदलेलं आहे तेही थोडं नाही. गुलाम महंमद बख्श ऊर्फ गामा हे अमृतसरकडच्या काश्मिरी पैलवान घराण्यातले. वडील लवकर गेले. दतिया संस्थानानं आश्रय दिला. १९१० मध्ये ते भाऊ इमाम बख्श यांच्यासह लंडनला गेले. उंची कमी म्हणून तिथं त्यांना स्पर्धेत घेईनात. मग त्यांनी उघड आव्हान दिलं आणि अमेरिकेच्या रोलरला चीत केलं. १० सप्टेंबरला समोर आला पोलंडचा झिबिस्को. तो दोन तासांहून जास्त वेळ मातीला पोट चिकटवून पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं, तर गडी फिरकलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात तोच झिबिस्को मिनिटभरही टिकला नाही.

हे इमाम बख्श आपल्याकडेही येऊन गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाचं उद्घाटन झालं १९१२ मध्ये, त्यांच्याच कुस्तीनं.

फाळणीच्या वेळी गामा लाहोरात मोहनी रोडला राहत. गल्लीतल्या हिंदू शेजाऱ्यांवर जमाव चालून आला, तेव्हा साठी ओलांडलेले गामा आपल्या पठ्ठ्यांसह आडवे उभे राहिले आणि नंतर त्या कुटुंबांना हद्दीपर्यंत सुखरूप पोहोचवलं, असं सांगतात. याचीही नोंद कुठल्या दप्तरात नाही. तरी ५ हजार कुस्त्यांपेक्षा मला ही गोष्ट लवकर पटते.

शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. तेव्हा भारतातून घनश्यामदास बिर्लांनी पैसे पाठवले होते. २३ मे १९६० रोजी लाहोरात गामांचं निधन झालं.