आनंदीबाई जोशींचा आजार आणि आपल्या श्वासमार्गाला लागणारे लोह, जस्त

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव तुम्ही शाळेपासून ऐकले असेल. जन्म 31 मार्च 1865. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झाले, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते बाळ दहा दिवसांतच गेले. पुढची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. आजाराचा भाग दोन ओळींत उरकतात.

अमेरिकेला जाण्याआधीच त्यांना अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनच ताप आणि धाप लागण्याचा त्रास होता. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायका नेमक्या याच तक्रारी घेऊन येतात, आणि घरचे म्हणतात, कामाचा शीण आहे.

1883 मध्ये आनंदीबाई जहाजाने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण खोलीतली शेकोटी फार धुराची होती. पेटवली तर धूर, नाही तर थंडी. आहार शाकाहारीच ठेवला. 11 मार्च 1886 ला त्या एम.डी. झाल्या, तोवर तब्येत ढासळली होती. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-कक्षाची जबाबदारी ठरली होती. पण 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षयाचा जंतू 1882 मध्ये सापडला होता. त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला 1943 उजाडले.

त्यांचा जीव क्षयाच्या जंतूंनी घेतला, लोहाच्या कमतरतेने नव्हे. तरी धूर आणि तोकडा आहार श्वासमार्गाला कमजोर करतात, हे तुम्हाला माहीत असावे. नाकापासून फुप्फुसापर्यंत आतून एक ओलसर अस्तर असते. त्यावरचे बारीक केस धूळ आणि जंतू चिकट स्रावासह बाहेर ढकलतात. या अस्तराच्या पेशी सतत नव्या बनतात आणि त्यासाठी जस्त लागते. रक्तातून प्राणवायू पोचवायला आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींना लोह लागते. नाकात कोरड्या खपल्या धरून दुर्गंधी येते, त्या पीनस नावाच्या आजारातही लोहाची कमतरता अनेकदा आढळते. (दुर्गंधी रुग्णाला स्वतःला येत नाही, म्हणून घरच्यांनी सांगावे लागते.)

बाजरीत लोह आणि जस्त दोन्ही आहेत, पण धान्यातले लोह शरीरात कमी शोषले जाते. भाकरीसोबत मोड आलेली मटकी, पालेभाजी आणि वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा मात्र नको. तो लोह अडवतो. एक तासाने घ्या.

जस्ताचे औषध नाकात कधीही घालू नका. अशा औषधांनी वास येणे कायमचे गेल्याच्या तक्रारींवरून 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता.

लोहाच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका. क्षयात हिमोग्लोबिन बरेचदा आजारामुळेच उतरते आणि क्षयाच्या उपचाराने सुधारते. गोळी घेऊन थोडे बरे वाटले म्हणून थुंकीची तपासणी राहून गेली, तर नुकसान मोठे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कारखान्यावर निघायची तारीख जवळ आली असेल तर निघण्याआधीच तपासून घ्या, आणि औषध सुरू असेल तर तिथे पुढचे डोस कुठे मिळतील ते इथेच विचारून घ्या.