पहिली आवृत्ती, स्वाक्षरीसह

अणुयुगातील गाजलेल्या विज्ञान-कादंबऱ्या जमविणाऱ्या शौकिनांना नुसते पुस्तक पुरत नाही. आवृत्ती पहिली लागते आणि आत लेखकाची स्वाक्षरी लागते. पण अणुबॉम्ब कादंबरीत आला तो अणुयुगाच्या कितीतरी आधी. तो आणणारे हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांच्या लहानपणी घरात पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, हे ह्या शौकिनांच्या ध्यानात असते की नाही कोण जाणे!

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील ब्रॉम्ली गावी झाला. वडिलांचे चिनी मातीच्या भांड्यांचे आणि क्रिकेटच्या साहित्याचे दुकान होते. ते कधी नीट चाललेच नाही. १८७४ साली पाय मोडून मुलगा अंथरुणाला खिळला, तेव्हा वडील वाचनालयातून पुस्तके आणून देऊ लागले आणि त्याला वाचनाची चटक लागली. पुढे आई अपपार्क नावाच्या वाड्यावर कारभारीण झाली. तेथील ग्रंथसंग्रहही मालकाचाच! मग कापडाच्या दुकानातील रटाळ उमेदवारी. १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळून ते लंडनला हक्स्ली यांच्या हाताखाली शिकायला गेले, आणि सुटले.

१८९५ साली ‘द टाइम मशीन’ निघाले. त्याच्या अमेरिकन आवृत्तीच्या पहिल्या प्रतींवर लेखकाचे आद्याक्षरच चुकले. ‘जी’च्या जागी ‘एस’ छापला गेला. आपण शुद्धिपत्र चिकटवून मोकळे झालो असतो. संग्राहक मात्र नेमकी तीच चुकलेली प्रत शोधत फिरतात.

परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत विलक्षण पुस्तक १९१४ चे ‘द वर्ल्ड सेट फ्री’ होय. ते त्यांनी कोणा माणसाला नव्हे, तर फ्रेडरिक सॉडी यांच्या रेडियमवरील ग्रंथाला अर्पण केले. त्यात विमानातून हाताने टाकायचे अणुबॉम्ब आहेत. ते एकदा फुटून संपत नाहीत, धगधगत राहतात. कादंबरी म्हणून पुस्तक जरा पसरटच आहे. तरीही लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ते १९३२ मध्ये बर्लिनमध्ये वाचले, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याला अणूंच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. तिच्या धोक्याची जाणीव असल्याने त्याने आपले पेटंट ब्रिटिश नौदलखात्याच्या हवाली करून गुप्त ठेवविले. झिलार्डच्या हातातली प्रत कितव्या आवृत्तीची होती, हे विचारायचे कोणाला सुचेल?

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा वेल्स अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आजारी होते. बॉम्बवर्षावातही न सोडलेल्या लंडनच्या घरी १३ ऑगस्ट १९४६ रोजी ते वारले.

त्यांची कागदपत्रे १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने घेतली. त्यांत पत्नी कॅथरिन, म्हणजे त्यांची ‘जेन’, हिला भेट दिलेल्या प्रतीही आहेत. पती म्हणून वेल्स एकनिष्ठ नव्हते, हे त्यांनी स्वतःच लपविले नाही. पण तिला पुस्तक देताना ते नुसत्या सहीवर थांबत नसत. शेजारी पेनाने स्वतःचे आणि तिचे थट्टेचे चित्र काढीत. जेन १९२७ मध्येच गेली. ती पुस्तके आता विद्यापीठात आहेत, विक्रीला येणार नाहीत.