विश्लेषण : निर्वासितांनी स्वतःच बांधले फरिदाबाद! कमलादेवी चट्टोपाध्याय यांचा सहकाराचा प्रयोग काय होता?

दिल्लीलगतचे फरिदाबाद आज कारखान्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. मात्र, तेथील ‘एनआयटी’ हा भाग फाळणीत घर गमावलेल्यांनी स्वतःच्या हातांनी उभारला. त्यामागे कमलादेवी चट्टोपाध्याय यांचा आग्रह होता.

कमलादेवी कोण होत्या?

जन्म ३ एप्रिल १९०३, मंगळूर. बालवयात लग्न आणि लवकरच वैधव्य. पुढे त्यांनी कवी हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी पुनर्विवाह केला. १९२६ मध्ये त्यांनी मद्रास प्रांतिक कायदेमंडळाची निवडणूक लढवली आणि थोडक्यात हरल्या. १९३० मध्ये मुंबईच्या शेअर बाजारात मीठ विकल्याने त्यांना तुरुंगवास झाला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी सत्तेचे पद घेतले नाही. १९४८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन’ स्थापन झाली.

फरिदाबादमध्ये काय घडले?

वायव्य सरहद्द प्रांतातून आलेले हजारो निर्वासित छावण्यांत होते. त्यांच्यासाठी १९४९ मध्ये फरिदाबाद विकास मंडळ नेमण्यात आले. डॉ. राजेंद्र प्रसाद अध्यक्ष होते. पंतप्रधान नेहरूही बैठकांना येत. सरकारी रिवाजानुसार बांधकाम खात्याने ठेकेदार नेमायचा आणि निर्वासितांनी तयार घराची वाट पाहायची, असे झाले असते. कमलादेवी आणि त्यांचे तरुण सहकारी लक्ष्मीचंद जैन यांचे म्हणणे वेगळे होते : काम निर्वासितांनाच द्या. म्हणजे मजुरी त्यांच्या हाती पडेल, कसब येईल आणि शेवटी घरही मिळेल.

काम कसे चालले?

निर्वासितांत दुकानदार, व्यापारी बरेच. गवंडीकाम अनेकांना नवे. त्यांनी श्रमिक सहकारी संस्था काढल्या, विटा पाडण्यापासून भिंती रचण्यापर्यंत कामे शिकून घेतली. घरांपाठोपाठ शाळा, रुग्णालय आणि रस्तेही झाले. रुग्णालयाला बादशाह खान यांचे नाव मिळाले.

प्रयोग का टिकला नाही?

घरे राहिली, पण निर्णयाचा हक्क राहिला नाही. कारभार पुनर्वसन खात्याकडे गेला आणि सहकारी संस्था मागे पडल्या. कमलादेवी १९५२ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या कामात गुंतल्या. १९६६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज पुनर्वसन म्हटले की चर्चा घराच्या चौरस फुटांवर थांबते. ते घर कोण बांधणार आणि त्याची मजुरी कोणाला मिळणार, हा फरिदाबादमधला प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.