मॅक्स बॉर्न : कणांच्या तरंगाचा अर्थ सांगणारे शास्त्रज्ञ

मॅक्स बॉर्न यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी ब्रेस्लाऊ या तत्कालीन जर्मन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. मॅक्स लहान असतानाच मातृछत्र हरपले. १९२१ साली ते गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली ते विद्यापीठ नव्या भौतिकशास्त्राचे माहेरघर बनले.

इलेक्ट्रॉनसारख्या कणालाही तरंगस्वरूप असते, हा विचार फ्रान्सचे लुई द ब्रॉग्ली यांनी १९२४ साली मांडला. या तरंगाची तरंगलांबी कणाच्या संवेगावर अवलंबून असते. संवेग दुप्पट झाला की तरंगलांबी निम्मी होते. ५४ व्होल्टने गती दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.१७ नॅनोमीटर भरते. १९२७ साली अमेरिकेत निकेलच्या स्फटिकावर झालेल्या प्रयोगाने हे पडताळले गेले.

प्रश्न उरला होता तो आयामाचा. पाण्याच्या लाटेचा आयाम म्हणजे पाणी मूळ पातळीपासून जास्तीत जास्त किती वर चढते ते. इलेक्ट्रॉनच्या तरंगात मात्र चढते-उतरते ते काय? १९२६ साली बॉर्न यांनी याचे उत्तर दिले. हा आयाम कोणत्याही पदार्थाची उंची नव्हे. त्याच्या परिमाणाचा वर्ग कण त्या ठिकाणी सापडण्याची संभाव्यता दर्शवितो. आयाम दुप्पट, तेथे संभाव्यता चौपट. आयाम शून्य, तेथे कण सापडणारच नाही. त्यांचे परममित्र आइन्स्टाईन यांना हा विचार अखेरपर्यंत पटला नाही; तरीही त्यांचा स्नेह अभंग राहिला.

१९३३ साली नाझी राजवटीने ज्यू वंशाच्या व्यक्तींना सरकारी सेवेतून दूर करणारा कायदा केला. बॉर्न यांनी १९१४ मध्येच बाप्तिस्मा घेतला होता. परंतु कायद्याला त्यांचा धर्म पाहायचा नव्हता, जन्म पाहायचा होता. विद्वत्ता, सेवा, कीर्ती यांपैकी काहीही कामी आले नाही. त्यांनी देश सोडला. केंब्रिजनंतर १९३५-३६ मध्ये सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून ते काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. पुढे १९३६ पासून १९५३ पर्यंत त्यांनी एडिंबरो येथे अध्यापन केले.

आयामाच्या त्या अर्थनिर्णयासाठी त्यांना १९५४ साली, तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी अण्वस्त्रांविरुद्धच्या रसेल-आइन्स्टाईन जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली. ५ जानेवारी १९७० रोजी गटिंगेन येथेच त्यांचे निधन झाले.

ज्या राजवटीने त्यांना जन्मावरून अपात्र ठरविले, ती बारा वर्षांत धुळीस मिळाली. त्यांचा नियम मात्र आज जगभरच्या वर्गांत शिकविला जातो आणि तो शिकणाऱ्याला कोणीही त्याचे कूळ विचारत नाही.