मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर

विद्यार्थी मित्रहो, गायनाच्या बैठकींत गवई गाऊं लागण्यापूर्वीं त्याच्या मागें बसलेला शिष्य तंबोऱ्याच्या तारा छेडूं लागतो आणि सारी जागा स्वरानें भरून जाते, हा अनुभव तुमच्यापैकीं पुष्कळांस असेल. गवयाचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. परंतु तो तंबोरा कोणी केला, हें विचारावें असें श्रोत्यांच्या मनांत क्वचितच येतें. गवयांस मात्र तें ठाऊक असतें, आणि त्यांच्यांत मिरजेच्या फरीदसाहेबांचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें. त्यांचेंच चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

फरीदसाहेब धंद्यानें शिकलगार. शिकलगार म्हणजे तरवारी व कट्यारी यांस धार आणि झिलई देणारे कारागीर. मराठ्यांच्या राज्यांत या लोकांस कामाची वाण नव्हती. पण इ. स. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. मिरजेचे पटवर्धन हे पेशव्यांचे नामांकित सरदार. तेहि इंग्रजांचे मांडलिक होऊन राहिले. पुढें १८४८ सालीं साताऱ्याचे महाराज शहाजी हे औरस पुत्रावांचून वारले, आणि लॉर्ड डलहौसी यांनीं दत्तक नामंजूर करून तें राज्य खालसा केलें. लढाया संपल्या, फौजा मोडल्या, तरवारी म्यानांतल्या म्यानांत गंजूं लागल्या. ज्याच्या घरीं वडिलोपार्जित अशी ही एकच विद्या, त्यानें आतां मुलांबाळांच्या तोंडीं काय घालावें?

मिरजेचे संस्थानिक संगीताचे चाहते होते. त्यांच्या दरबारीं दूरदूरचे गवई येत, व आपलीं वाद्यें बरोबर आणीत. भोपळ्याचीं वाद्यें फार नाजूक. गाडीच्या प्रवासांत एक हिसका बसला, तरी भोपळा तडकावा किंवा दांडी निखळावी, अशी त्यांची प्रकृति. तीं नीट करणारा मनुष्य जवळपास नसे. अशीं मोडलेलीं वाद्यें इ. स. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांच्या हातीं आलीं, आणि दुरुस्ती करतां करतां ते स्वतः नवीं वाद्यें घडवूं लागले, असें मिरजेंत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

मोडकें वाद्य हा कारागिराचा उत्तम गुरु होय. धड वाद्य आपलें पोट दाखवीत नाहीं. फुटलेलें वाद्य सर्व दाखवितें. भोपळ्याची जाडी कोठें किती, त्यावर बसविलेली तबली मध्यें किती फुगीर, दांडी आंतून किती कोरलेली, हें सारें उकललेल्या सांध्यांतून दिसतें. जुन्यासारखें नवें करावयाचें, तर हें सगळें तंतोतंत उतरावें लागतें. सामानहि तसेंच निवडावें लागतें. मिरजेचे कारागीर भोपळे आणतात ते भीमेच्या कांठच्या पंढरपुराकडील शेतांतून. हे खाण्याचे भोपळे नव्हेत. वाद्यांसाठींच ते वेलावर पूर्ण वाढूं देऊन नंतर कित्येक महिने वाळवितात. दांडीस व तबलीस हलकें पण टिकाऊ असें तुणीचें लांकूड घेतात.

इतकें झालें तरी काम अर्धेंच. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन तंबोरे, पण एक गातो व दुसरा नुसता वाजतो, असें पुष्कळदां होतें. त्याचें मर्म घोडीवर आहे. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा सपाट नसतो. त्यास अगदीं सूक्ष्म उतार असतो. तार कंप पावतांना त्या उतारास हलकेंच स्पर्श करते, आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरहि उमटतात. तारेखालीं सुताचा दोरा सरकवून त्याची नेमकी जागा साधतात. यासच जवारी काढणें म्हणतात. ही गोष्ट मोजपट्टीनें मोजतां येत नाहीं. कानशीनें किंचित् घासावें, तार लावून ऐकावें, पुन्हा घासावें; एक घास अधिक झाला कीं सर्व श्रम वायां. तरवारीच्या धारेवर केंसाइतका फरक ओळखणाऱ्या हातांस हा संयम मुळांतच असला पाहिजे. फरीदसाहेबांचा जुना धंदा बुडाला, पण हाताची विद्या बुडाली नाहीं, ती ही अशी.

त्याच सुमारास पॅरिस शहरांत विल्योम नांवाचा एक व्हायोलिन करणारा होता (१७९८ ते १८७५). पागानिनी या जगप्रसिद्ध वादकाचें वाद्य त्याच्याकडे दुरुस्तीस आलें असतां त्यानें त्याची अशी प्रतिकृति केली कीं, प्रत्यक्ष पागानिनीहि क्षणभर बुचकळ्यांत पडला, अशी आख्यायिका आहे. अलीकडे १९५० नंतरच्या दशकांतील विजेच्या गिटारींचीहि अशीच हुबेहूब नक्कल करतात. जुन्या रंगाचे ओरखडेसुद्धां नव्या वाद्यावर काढतात. परंतु ओरखडा उतरविणें सोपें, स्वर उतरविणें कठीण.

फरीदसाहेबांनीं लावलेलें रोप पुढें फोफावलें. त्यांचे वंशज व इतर शिकलगार घराणीं याच कामांत शिरलीं, आणि सतारमेकर हेंच त्यांचें आडनांव झालें. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खां (१८७२ ते १९३७) मिरजेस येऊन राहिले. ते स्वतःहि वाद्यें दुरुस्त करण्यांत निष्णात होते. इ. स. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारचें भौगोलिक मानांकन मिळालें. तरी काळजीचें कारण आहेच. विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी आतां घरोघर झाली आहे, आणि महिनोन्‌महिने बसून एक वाद्य घडविण्यापेक्षां नोकरी बरी, असें कारागिरांच्या मुलांस वाटूं लागलें आहे. त्यांस दोष तरी कसा द्यावा? त्यांच्याच पूर्वजानें काळ ओळखून तरवार सोडली होती.

मात्र तरवार सोडतांना त्या पुरुषानें जी एक गोष्ट सोडली नाहीं, ती आपण विसरूं नये. मित्रहो, तुमच्या वडिलांचा धंदा तुमच्या हयातींत राहील कीं नाहीं, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. परंतु जें काम हातीं येईल, त्याच्या न दिसणाऱ्या भागांतहि लबाडी करावयाची नाहीं, ही संवय कोणत्याहि धंद्यांत बरोबर नेतां येते. तंबोऱ्याचें पोट कोणी उघडून पाहत नाहीं. पण तार छेडतांच तें बोलतें.